जेवढे असेल तेवढे



घरी शिकणारे मूल बीजगणिताला कधी बसवायचे, हा आजचा विषय. आपल्या राहुरी तालुक्यात अशी मुले थोडीच आहेत. पण मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आपल्या प्रत्येक घराची शाळा झाली होती, आणि स्वयंपाकघरात बसून मुलाचे गणित तपासणारी आई काय सोसते हे तेव्हा सगळ्यांनी पाहिले. त्यानंतर काही कुटुंबांनी मुलांना पुन्हा शाळेत घातलेच नाही. त्यांतले एक गेल्या वर्षी माझ्याकडे आले. वस्तीवर राहणारे, ऊस आणि कांदा करणारे. आई विज्ञान शिकलेली, मुलगी अकरा वर्षांची. आईने विचारले, "सर, हिचे अपूर्णांक झाले, शेकडेवारी झाली. आता बीजगणित सुरू करू, की थांबू?"

मी तीस वर्षे माध्यमिक शाळेत गणित शिकवले, पण हा प्रश्न मला कोणी कधी विचारला नव्हता. शाळेत तो पुस्तकानेच सोडवलेला असतो. बालभारतीच्या पाचवीच्या गणितात 'बीजगणिताची पूर्वतयारी' असे प्रकरण मी पाहिले आहे. सहावीत समीकरणे, सातवीत बैजिक राशी. मूल तयार असो नसो, जून आला की पुढचे पुस्तक हातात पडते. या बाईंना मात्र स्वतः ठरवायचे होते. मला त्यांचा हेवा वाटला आणि काळजीही वाटली.

मी मुलीला एक कागद दिला. त्यावर लिहिले: ८ + ४ = □ + ५. चौकटीत काय येईल? तिने लगेच १२ लिहिले. आईचा चेहरा उतरला. पण यात त्या मुलीचे काही चुकले नव्हते. अमेरिकेत १९९० च्या दशकात हेच उदाहरण सहावीच्या मुलांना घातले, तेव्हा तिथेही १२ आणि १७ ही उत्तरे आली. पहिलीपासून मुलाने बरोबरचे चिन्ह एकाच कामाला वापरलेले असते: त्याच्यापुढे उत्तर लिहायचे. दोन्ही बाजूंचे वजन सारखे आहे असे ते चिन्ह सांगते, हे त्याला कोणी दाखवलेलेच नसते. ज्या मुलाला बरोबरचे चिन्ह म्हणजे 'आता उत्तर लिही' असा हुकूम वाटतो, त्याच्यासमोर समीकरण ठेवले तर ते गोंधळणारच.

मी आईला सांगितले, पुस्तक मिटा, तागडी काढा. आपल्या बाजारात अजून तागडी मिळते. एका पारड्यात सात गोट्या, दुसऱ्यात तीन आणि चार. मग वहीत ७ = ३ + ४ असे उलटे लिहायचे, ६ + ५ = ४ + ७ असे लिहायचे, मध्येच एखादे खोटे विधान घालायचे आणि तिला पकडू द्यायचे. दोन महिने एवढेच. अंकगणितातले काही सोडायचे नाही, पण एक्सचे नाव काढायचे नाही.

मधल्या काळात वडिलांनी तिला खताच्या हिशेबात घेतले. आपल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची सुरू उसाला शिफारस हेक्टरी २५० किलो नत्राची, म्हणजे एकरी साधारण १०० किलो. युरियाची गोणी ४५ किलोची, त्यात नत्र ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो. शंभराला त्याने भागले की पाचला थोडे कमी. तिने एकरी पाच गोण्या धरल्या. आपल्या रानाचा हिशेब तिने चटकन केला. मग वडिलांनी विचारले, "चुलत्यांच्या उसाला किती लागतील?" चुलत्यांचे रान किती हे तिला माहीत नव्हते. ती म्हणाली, "त्यांचे जेवढे एकर असेल तेवढ्याची पाचपट."

आईने मला फोनवर हे सहज सांगितले. मी त्यांना तेच वाक्य पुन्हा म्हणायला लावले. जेवढे असेल तेवढे! भास्कराचार्यांनी अज्ञात राशीला जे नाव वापरले ते 'यावत्तावत्', आणि त्याचा शब्दशः अर्थ जेवढे तेवढे. ते लिहिताना आद्याक्षर 'या' घेत. एकाहून अधिक अज्ञात आले की रंगांची नावे: कालक, नीलक, पीतक, आणि लिहायला 'का', 'नी', 'पी'. ११५० साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, त्यांनी 'सिद्धान्तशिरोमणी' लिहिला. त्यात 'लीलावती' आधी येते, 'बीजगणित' नंतर. पहिले व्यक्त गणित, दुसरे अव्यक्त. त्यांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्यांच्या नातवाने चाळीसगावजवळ पाटणला मठ काढला. तिथला शिलालेख आजही त्याची साक्ष देतो. आपल्या शेजारच्या खानदेशातली ही गोष्ट. आणि आपल्या वस्तीवरची मुलगी कोणी न शिकवता तोच शब्द मराठीत बोलते!

माझ्या मते तयारीची खूण हीच. अकरा वर्षे, तेरा वर्षे, अपूर्णांकांचे पुस्तक संपले, यांपैकी कशावरूनही ते ठरत नाही. जी संख्या माहीत नाही तिच्याविषयी मूल न अडखळता बोलू लागले, तिची पाचपट करू लागले, तिच्यात सात मिळवू लागले, उत्तर लगेच न मिळाल्याने कासावीस झाले नाही, की ते तयार आहे. अपूर्णांक यायला हवेतच, त्याशिवाय पुढे पाऊल पडत नाही. ऋण संख्या मात्र शेतकऱ्याच्या घरात अवघड जात नाहीत. ब्रह्मगुप्ताने ६२८ साली धन आणि ऋण हेच शब्द योजले, आणि सोसायटीचे कर्ज ज्या घरात आहे त्या घरातल्या मुलाला ऋण समजावून सांगावे लागत नाही.

एका ठिकाणी मात्र जपून. कारखान्याच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या आपण रोज पाहतो. ट्रॉल्यांच्या संख्येला ल म्हणा, ट्रॅक्टरच्या संख्येला र. आता समीकरण लिहा. पुष्कळ जण लिहितात २ल = र, कारण डोळ्यांपुढे दोन ट्रॉल्या आणि एक ट्रॅक्टर असतो. पण दहा ट्रॅक्टर असतील तर ट्रॉल्या वीस, म्हणजे ल = २र. अमेरिकेतल्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना असेच एक गणित घातले होते, सहा विद्यार्थ्यांमागे एक प्राध्यापक असे. एक तृतीयांशाहून अधिक जणांनी ते चुकवले. ल म्हणजे ट्रॉली नव्हे, ट्रॉल्यांची संख्या. 'तीन आंबे अधिक दोन आंबे' असे सांगून आपण बीजगणित सोपे करायला जातो, आणि अक्षर म्हणजे वस्तू ही समजूत मुलाच्या डोक्यात कायमची बसवतो.

आणि गरज वाटल्याशिवाय हत्यार देऊ नका. "मनात संख्या धरली, दुप्पट केली, ७ मिळवले, ३१ आले." मूल उलटे जाते, १२ सांगते. इथे बीजगणिताची गरजच नाही, आणि तिथे बळेच एक्स लिहायला लावला तर त्याला तो जाच वाटतो. आता असे विचारा: "एका संख्येची तिप्पट करून ४ मिळवले काय, नि दुप्पट करून १९ मिळवले काय, सारखेच येते." उलटे जायला वाटच नाही. त्या मुलीने बराच वेळ पेन्सिल चावली, मग तागडी आठवून दोन्ही पारड्यांतून दोन-दोन 'जेवढे' काढून घेतले. एक 'जेवढे' आणि ४ एकीकडे, १९ दुसरीकडे. पंधरा!

मी वर्गात मुलांना सांगत असे, "पक्षांतर केले की चिन्ह बदलते." मुले ते पाठ करत, मार्कही मिळवत. पण चिन्ह का बदलते हे मी पुरेसे दाखवले नाही, आणि दहावीनंतर कितीतरी जणांनी गणित सोडले. त्याचे मला आजही वाईट वाटते. तागडी तेव्हाही माझ्या हाताशी होती.

थांबा म्हणजे विसरा, असे मात्र मी म्हणत नाही. मुलाला पुढे सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसायचे असेल, तर बीजगणिताचा चाळीस मार्कांचा पेपर त्यालाही द्यावा लागतो. बारा-तेराव्या वर्षी खूण दिसत नसेल, तर ती आपोआप दिसेल म्हणून बसून राहू नये. बहुधा अपूर्णांकात किंवा बरोबरच्या चिन्हातच काहीतरी राहून गेलेले असते. मागे जाऊन ते भरून काढावे. थांबण्याच्या काळात मंगला नारळीकरांचे 'गणितगप्पा' घरात असू द्या.

आता एक विनंती. मूल शाळेत जात असो वा घरी शिकत असो, आज रात्री त्याच्यापुढे ८ + ४ = □ + ५ एवढे लिहून ठेवा. काही सुचवू नका. १२ आले तर रागावू नका. ते उत्तर आपणच त्याला शिकवलेले आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा मी वाचनालयात असतो. तो कागद आणि मुलाला घेऊन या. तागडी मी आणतो.