चुलीच्या राखेंतील धातु

१८६० सालीं विहार तलावाचें पाणी नळानें मुंबई शहरांत पोहोंचलें. परंतु त्या तलावाच्या आसपासच्या अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर या गांवांस पुढें पुष्कळ वर्षें विहिरींचाच आधार होता. तेथील घरांतल्या तीन साध्या वस्तूंत, म्हणजे चुलीची राख, तुरटी आणि विहिरींत टाकावयाची जांभळी पूड यांत, एकच धातु दडलेला असे. तो धातु पोटॅशियम.

लाकडाच्या राखेनें भांड्यांचा ओशटपणा जातो, तो तींतील पोटॅशियम कार्बोनेटमुळें. मूळ धातु १८०७ सालीं हंफ्री डेव्ही यांनीं कॉस्टिक पोटॅशमधून वीज खेळवून वेगळा केला. तो सुरीनें कापतां येतो आणि पाण्याशीं गांठ पडतांच पेट घेतो. म्हणूनच सृष्टींत तो मोकळा आढळत नाहीं.

तुरटी म्हणजे पोटॅशियम व ॲल्युमिनियम यांचें जोडसल्फेट. गढूळ पाण्यांत ती फिरविली कीं मातीचे कण एकमेकांस चिकटून तळीं बसतात. पाणी नितळ होतें. निर्जंतुक मात्र होत नाहीं. जांभळें पोटॅशियम परमँगनेट जंतूंस मारतें, म्हणून पटकीच्या सांथींत तें विहिरींत टाकीत. पण पाण्यांत कुजका पालापाचोळा असला तर त्याची शक्ति त्यावरच खर्ची पडते, व जंतु जिवंत राहतात.

आज नळ आले, तरी पावसाळ्यांत गढूळ पाण्याचा प्रसंग येतोच. तुरटीनें निवळलेलें पाणी डोळ्यांस समाधान देतें; पोटांत जाण्यापूर्वीं तें उकळलेंच पाहिजे.