वयाबरोबर लांबीही सांगा



 गाळाच्या खोऱ्यांचा इतिहास उलगडायला नागपूर हे गाव बरं आहे. शेजारच्या कामठीचं नाव इथल्या वालुकाश्माला मिळालं, आणि गोंडांच्या मुलखाचं नाव अवघ्या गोंडवन महाखंडाला.

त्याच महाखंडाचा तुकडा असलेल्या ऑस्ट्रेलियातल्या ऑटवे खोऱ्याने खडकांचं वय आणि तापण्याचा इतिहास सांगणाऱ्या फिशन ट्रॅक पद्धतीला खरी शिस्त लावली. ॲपेटाइट या खनिजाच्या कणात युरेनियम-२३८चा अणू आपसूक फुटला, की स्फटिकात सुमारे १६ मायक्रॉन लांबीचा माग उरतो. कण घासून-पुसून काही सेकंद नायट्रिक ॲसिडमध्ये धरला, की हा माग सूक्ष्मदर्शकाखाली काळ्या रेघेसारखा दिसतो. माग मोजायचे, युरेनियम मोजायचं, वय काढायचं. ग्लीडो आणि डडी या भूवैज्ञानिकांनी १९८१ मध्ये ऑटवेतल्या खोल बोअरचे निष्कर्ष मांडले. वरच्या थरांत वय सुमारे १२ कोटी वर्षं, म्हणजे गाळ साचला तेव्हाचंच. खाली तापमान ६० अंश सेल्सिअसपुढे गेलं तसं वय घटत गेलं आणि सुमारे १२५ अंशांना शून्यावर आलं. खडक त्याच काळचा, पण उष्णतेने माग आखडले आणि शेवटी बुजले.

गंमत पुढेच आहे. त्याच खोऱ्यातल्या ऑटवे डोंगरात हा गाळ आज उघड्यावर पडलाय. तरी त्यातले माग सांगतात, की तो एकेकाळी चांगलाच तापला होता आणि सुमारे ९.५ कोटी वर्षांपूर्वी निवू लागला. खचणारी जमीन उचलली गेली, डोक्यावरचे थर झिजून गेले. तेलवाल्यांचे कान टवकारले ते इथेच, कारण खनिज तेल तयार होतं तेही साधारण याच तापमानांत. तेल आधी झालं की ते अडवणारी खडकरचना आधी घडली, हा क्रम चुकला तर विहीर कोरडी.

म्हणून दूरवरून आलेल्या संशोधकांनो, यजमानाचा एक हट्ट पुरवा. नुसतं वय पडद्यावर टाकून खाली बसू नका. अर्धवट तापलेल्या नमुन्याचं वय ही कुठल्याच घटनेची तारीख नसते. लांबीचा आलेख दाखवा. सगळे माग लांब असले तर खडक झटपट निवला. आखूड-लांब सरमिसळ असली तर तो ६० ते १२५ अंशांच्या मधल्या पट्ट्यात रेंगाळला किंवा पुन्हा तापला. कणात क्लोरिन किती, तेही सांगा. क्लोरिन जास्त असलेलं ॲपेटाइट जास्त उष्णता सोसतं.

बाहेर सूक्ष्मदर्शक मांडलाय, विद्यार्थ्यांना आधी बघू द्या. जेवणात सावजी रस्सा आहे. त्याच्या तिखटाची जबाबदारी मात्र स्वागत समितीवर नाही.