काम सुटल्यावर पुरावा कोठून आणावा?
(महोत्सवी सभेत दिलेले भाषण)



आम्ही शिक्षक. वकिलीची सनद आमच्यापाशी नाही. परंतु अर्ज लिहून घेण्यास मुलांचे पालक आमच्याकडेच येतात. काम सुटलेल्या माणसांचे अर्ज लिहिताना जे ध्यानी आले, तेवढेच येथे मांडतो.

१९५३ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन छाटणी झालेल्या कामगारास सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी वेतनाइतकी भरपाई ठरली. अट अशी की, मागील बारा महिन्यांत २४० दिवस काम भरलेले असावे. त्या कायद्याची जागा नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहितेने घेतली. २४० दिवसांची मोजणी तिच्यातही आहे.

हे दिवस सिद्ध कोणी करावेत? कामगाराने, आणि त्याचे नुसते प्रतिज्ञापत्र पुरे नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सांगितले. २००५ साली त्याच न्यायालयाने रोजंदारी मजुराची अडचणही ओळखली. त्याच्यापाशी ना नेमणूकपत्र, ना पगारपावती. त्याने स्वतः साक्षीस उभे राहावे आणि मालकाकडील हजेरीपट व वेतनपत्रक हजर करण्याची मागणी करावी. ही मागणी लेखी हवी. न मागितलेला कागद कोणी आपण होऊन पुढे करीत नाही. पगारी सुट्ट्या व पगारी रविवारही मोजावयाचे, हे १९८५ च्या निकालाने ठरले आहे.

साक्षीदारांचे काय? शेजारच्या यंत्रावरचा सोबती सर्व जाणतो; पण त्याचीही चूल त्याच कारखान्यावर पेटते. त्याला भित्रा म्हणू नये. फाटकासमोरचा चहावाला, डबे पोचविणारी बाई यांनीही रोज पाहिलेले असते. मात्र साक्षीदाराने डोळ्यांनी पाहिले तेवढेच सांगावे. पढविलेली साक्ष उलटतपासणीत फुटते आणि खरा दावाही बुडविते.

म्हणून विनंती अशी की, हाताला काम आहे तोवरच पुरावा जमवावा. घरातील शाळकरी मुलाने वहीत आईबापांची हजेरी रोज मांडावी: तारीख, पाळी, ठेकेदाराचे नाव, मिळालेली मजुरी. बँकेचे पासबुक, भविष्यनिर्वाह निधीचा उतारा, राज्य विम्याचे कार्ड एका पिशवीत ठेवावे.

आपला न्यास गरजूंना पुस्तके व फी देतो. त्याने आठवड्यातील एक संध्याकाळ या कागदांच्या नकला ठेवण्यास आणि कामगार अधिकाऱ्याकडे सोबत जाण्यास द्यावी. काम गेलेल्या कुटुंबाला आपल्या दानाची गरज पडेल, तशीच स्वतःच्या हक्काचीही. तो हक्क मिळवून देणे हीसुद्धा सेवाच आहे.