‘आम्हालाही झालं होतं’ म्हणण्याआधी

(दहावी १९९० च्या स्नेहमेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांचा फोन आला, “प्रत्येकाने दहा मिनिटं बोलायचं, विषय आपापला.” मी म्हटलं, “गरोदरपणातल्या कंबरदुखीवर बोलते.” पलीकडे जरा शांतता. मग प्रश्न आला, “अगं, पुरुष मंडळींनी तेवढा वेळ काय करायचं?” मी म्हटलं, “ऐकायचं. त्यांच्याही लेकी-सुना आता त्या वयाच्या झाल्यात.” तेव्हा बाबांनो, चहाला उठू नका.

गोष्ट १९९९ सालची. मी शिक्षिका म्हणून नुकतीच लागले होते. सहावा महिना संपत आला होता. फळ्यावर गणित लिहिताना कंबरेच्या खाली डाव्या बाजूला अशी चमक निघाली, की मांडीच्या मागून पोटरीत आणि तिथून थेट पावलात गेली. हातातला खडू पडला. मुलांना वाटलं बाई रागावल्या. वर्ग चिडीचूप झाला.

त्या दिवसापासून ते रोजचंच झालं. रात्री कूस बदलताना कळ यायची, सकाळी पायाला मुंग्या यायच्या. एसटी खड्ड्यातून गेली की डोळ्यांत पाणी. सासूबाई प्रेमळ. “उसण भरली असेल,” म्हणत त्यांनी गल्लीतल्या एका पायाळू गृहस्थांना बोलावलं. ते बिचारे संकोचाने माझ्या पाठीला पाय लावून गेले. गुण काही आला नाही, पण घरभर हसू झालं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, “आम्हालाही झालं होतं. होतं असं. बाळंत झालीस की जाईल.”

आई खोटं बोलत नव्हती. पण त्या वाक्यानंतर मी कुणाला सांगणंच सोडलं. शाळेत बोलले नाही, कारण नोकरी नवी. तपासणीला जायचे, वजन व्हायचं, रक्तदाब व्हायचा, “बाकी काही त्रास?” असं विचारलं की मी “नाही” म्हणायचे. सहन करणं म्हणजे शहाणपण, असंच डोक्यात बसलेलं.

आठव्या महिन्यात शाळेच्या जिन्यावर डाव्या पायात कळ आली आणि पाय लटपटला. कठडा हाताशी होता म्हणून वाचले. पायरीवर बसून पोटावर हात ठेवला आणि बाळ हलेपर्यंत उठले नाही. त्या संध्याकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी बाळ तपासलं, दोन्ही पायांची ताकद पाहिली, कुठे बधिर वाटतं ते विचारलं आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं.

तिथे मला पहिल्यांदा कळलं की माझ्या शरीरात काय चाललंय. सायटिक नर्व्ह ही आपल्या शरीरातली सर्वांत जाड नस. कण्याच्या खालच्या भागातून निघून ती मांडीच्या मागून खाली जाते आणि तिच्या शाखा पावलापर्यंत पोहोचतात. गरोदरपणात संप्रेरकांमुळे ओटीपोटाच्या हाडांचे सांधे सैलावतात, पोटाचा भार पुढे येतो, पाठीची कमान वाढते आणि कंबरेच्या स्नायूंवर ताण येतो. सुमारे निम्म्या गर्भवतींना कधी ना कधी कंबर दुखते. पण प्रत्येक कंबरदुखी सायटिका नसते. पुष्कळदा दुखणं कंबरेच्या मागच्या सांध्यांचं असतं आणि ते सहसा गुडघ्याच्या खाली उतरत नाही. म्हणून अंदाजाने नाव न देता तपासून घ्यायचं.

मला सांगितलेले उपाय अगदी साधे होते. कुशीवर झोपायचं, दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी घ्यायची. उठताना आधी कुशीवर वळून, पाय खाली सोडून, हाताच्या आधाराने उठायचं. सलवार बसूनच घालायची, एका पायावर उभं राहायचं नाही. वर्गात फार वेळ उभं राहायचं नाही; राहावंच लागलं तर एक पाय लहानशा पाटावर ठेवायचा आणि थोड्या वेळाने पाय बदलायचा. टाचा उंच नकोत. पाठीला कोमट शेक चालेल, पोटाला नको. रोज थोडं चालायचं आणि शिकवलेत तेवढेच व्यायाम करायचे. मला मांजरासारखी पाठ हळूहळू वर घेण्याचा व्यायाम दिला होता. पोटाखालून आधार देणारा पट्टाही दिला. जोर लावून मालिश करायला मात्र सक्त मनाई केली.

आणि खाली पडलेली वस्तू कशी उचलायची? कंबरेत न वाकता गुडघ्यात वाकून, वस्तू अंगाजवळ धरून! हे ऐकल्यावर मला हसूच आलं. पी. टी. चे सर, आपण समोर बसला आहात. लेझीमची पेटी उचलताना “गुडघ्यात वाका रे, गुडघ्यात!” असं ओरडायचात, ते आम्ही एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडलं. नऊ वर्षांनी फी भरून तेच पुन्हा ऐकलं.

दुखणं पूर्ण गेलं नाही. पण रात्री झोप लागू लागली, वर्गात खुर्ची मागायची लाज वाटेनाशी झाली. बाळंतपणानंतर दोनेक महिन्यांत पाय मोकळा झाला.

आता नीट ऐका. दुकानातून वेदनाशामक गोळी आणून देऊ नका. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांसारख्या गोळ्या गरोदरपणात, विशेषतः विसाव्या आठवड्यानंतर, बाळाला अपाय करू शकतात. औषध डॉक्टरांना विचारूनच घ्यायचं. लघवी अडली किंवा लघवी-संडासवरचा ताबा गेला, मांड्यांच्या मधला भाग बधिर झाला, पायातली ताकद गेली, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठायचं. ताप आला, लघवीला जळजळ झाली, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं किंवा दिवस भरण्याआधी कंबरेत ठरावीक अंतराने कळा येऊ लागल्या, तरी थांबायचं नाही. ती नुसती कंबरदुखी नसू शकते.

आता हा विषय आजच का? गेल्या वर्षी पुण्याहून लेकीचा फोन आला. सातवा महिना. म्हणाली, “आई, पायातून करंट गेल्यासारखं होतंय.” आणि एवढं सगळं सोसलेल्या माझ्या तोंडून काय निघालं असेल? “अगं, होतं असं. तुझ्या वेळी मलाही झालं होतं.” ती म्हणाली, “बरं,” आणि फोन ठेवला.

तो “बरं” मी ओळखला. तो माझाच होता, १९९९ सालचा. पाच मिनिटांनी मी पुन्हा फोन लावला आणि म्हटलं, “मघाचं सोड. नेमकं कुठे दुखतं, कधी दुखतं, सगळं सांग.” ती अर्धा तास बोलत होती. दुसऱ्या दिवशी जावईबापू तिला डॉक्टरांकडे घेऊन गेले. नात आता चार महिन्यांची आहे आणि तिची आई तिला गुडघ्यात वाकूनच उचलते.

मित्रमैत्रिणींनो, आपण आता आजी-आजोबांच्या रांगेत आलो आहोत. “आम्हालाही झालं होतं,” असं जरूर म्हणा, पण तिचं ऐकून झाल्यावर. आणि त्याच्या पुढे एक वाक्य जोडा: “चल, दाखवून येऊ.”

सर, बाई, नमस्कार करते. आजही गुडघ्यात वाकूनच.