उन्हाळी खेळ, दुखापती आणि पहिला तास



एप्रिलमध्ये परीक्षा आटोपतात, शाळांना सुटी लागते आणि गावोगावची मैदाने, आमराया व विहिरी मुलांनी गजबजून जातात. विटीदांडू, लंगडी, आट्यापाट्या, खो-खो, कबड्डी आणि खेड्यापाड्यांत रुजलेले क्रिकेट यांत दिवस कसा सरतो हे मुलांना कळत नाही. शरीर आणि मन यांची निकोप वाढ व्हावयाची तर खेळ हवेतच. महाराष्ट्राला देशी खेळांची थोर परंपरा आहे. अमरावतीच्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने १९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी भारतीय खेळांची प्रात्यक्षिके सादर केली होती. तेव्हा दुखापतींच्या भीतीने मुलांना घरात बसवून ठेवावे, असे कोणीही म्हणणार नाही. खेळात पडणे-झडणे ओघानेच येते. प्रश्न आहे तो पडल्यानंतरच्या पहिल्या तासाचा. त्या तासात मुलाजवळ जे शिक्षक, पालक वा ग्रामस्थ असतील त्यांच्या हातून काय घडते, यावर पुष्कळदा त्या मुलाचे पुढील आयुष्य अवलंबून असते.

कोपराचा अस्थिभंग

एक नेहमीचा प्रसंग घ्यावा. कैऱ्या काढण्यासाठी झाडावर चढलेला सहा-सात वर्षांचा मुलगा फांदीवरून निसटतो आणि पसरलेल्या हातावर पडतो. बघता बघता कोपर सुजते. घरातील वडीलधारी माणसे तेल चोळतात, हात ओढून पाहिला जातो, मग बांबूच्या कामट्या लावून तो करकचून बांधण्यात येतो. मूल रात्रभर रडते. हाड मोडले म्हणजे रडणारच, अशी घरच्यांची समजूत असते. तिसऱ्या दिवशी रडणे थांबते आणि सर्वांना हायसे वाटते. वस्तुतः बोटांची संवेदना गेल्यामुळे ते थांबलेले असते. काही महिन्यांनी मनगट वाकलेले, बोटे आत वळलेली आणि हात वाळलेला, अशी त्या मुलाची अवस्था होते.

लहान मुलांत कोपराच्या किंचित वर दंडाचे हाड मोडणे ही फार आढळणारी दुखापत आहे. हाताची मुख्य रक्तवाहिनी तेथून अगदी जवळून जाते. सूज आतून वाढत असताना बाहेरून घट्ट बंधन पडले, तर स्नायूंचा रक्तपुरवठा बंद होतो. साधारणतः सहा तासांच्या आत तो पूर्ववत झाला नाही तर स्नायू मरू लागतात आणि त्यांच्या जागी ताठर तंतू येतात. रिचर्ड फॉन फोल्कमान या जर्मन शल्यचिकित्सकांनी घट्ट पट्ट्यांमुळे येणाऱ्या या विकृतीचे वर्णन १८८१ साली केले. आजही ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. मोडलेले हाड योग्य उपचाराने जुळले असते. हात गेला तो बंधनामुळे.

हे ओळखण्याच्या खुणा कोणासही शिकता येतील. दुखापतीच्या मानाने वेदना फार असणे आणि ती वाढतच जाणे, ही पहिली खूण. मुलाची बोटे हलकेच सरळ केली असता ते किंचाळून उठणे, ही दुसरी. बोटे थंड व फिकट पडणे, त्यांत मुंग्या येणे अथवा ती हलवता न येणे, ही तिसरी. नख दाबून सोडल्यावर त्याची लाली साधारण दोन सेकंदांत परत यावयास हवी. ती न आल्यास, किंवा वरीलपैकी एकही खूण दिसल्यास, बंधन तत्काळ सैल करून मुलाला शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयात न्यावे. नखाची लाली परत आली तरी वेदना वाढत असेल, तर निर्धास्त राहू नये.

मोडलेला हात आहे त्याच स्थितीत ठेवावा. तो ओढू नये, वाकवू नये व चोळू नये. अंगठी, कडे, बांगड्या, मनगटावरचा दोरा हे सूज येण्यापूर्वीच काढून घ्यावे. वर्तमानपत्राची जाड घडी किंवा पुठ्ठा यांचा आधार देऊन उपरण्याची झोळी गळ्यात अडकवावी आणि बोटे उघडी ठेवावीत. शस्त्रक्रियेची गरज पडण्याचा संभव असल्याने वाटेत खाऊपिऊ घालू नये.

गावच्या हाडवैद्यावर लोकांचा विश्वास असतो, त्यालाही कारण आहे. पुष्कळशी साधी हाडे आधार आणि विश्रांती मिळाली की जुळून येतात व त्याचे श्रेय बांधणाऱ्यास मिळते. परंतु मुलांच्या कोपराच्या बाबतीत हा अनुभव दगा देतो. मालिशीचेही तेच. कोपराभोवती सुरुवातीच्या दिवसांत चोळल्याने स्नायूंमध्ये नवे हाड तयार होऊन सांधा कायमचा आखडण्याचा धोका असतो. हाडवैद्याशी वाद घालण्यापेक्षा पंचायत सदस्यांनी त्याला या खुणा समजावून सांगाव्यात. ज्याच्या दारी मूल प्रथम नेले जाते, तोच ते वेळेवर रुग्णालयात पाठवू शकतो.

मुरगळ की मोड?

पाय मुरगळणे ही मैदानावरील सर्वांत सामान्य दुखापत होय. साधी मुरगळ कोणती आणि हाड मोडले आहे ते केव्हा, हे ठरविण्याची एक सोपी कसोटी कॅनडातील ओटावा येथील डॉक्टरांनी १९९२ साली मांडली. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या उंचवट्यांचा मागील कडा व टोक बोटाने दाबून पाहावे. तेथे हाडावरच दुखत असेल, किंवा दुखापतीनंतर लगेच व तपासणीच्या वेळीही चार पावले टाकता येत नसतील, तर क्ष-किरण तपासणी आवश्यक ठरते. पाऊल वेडेवाकडे दिसत असेल तर अर्थातच चालवून पाहू नये.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट विसरता कामा नये. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी असलेला वाढीचा पट्टा हा सांध्याच्या अस्थिबंधांहून नाजूक असतो. ज्या झटक्याने मोठ्या माणसाचा पाय केवळ लचकेल, त्याच झटक्याने मुलाच्या या पट्ट्याला इजा होऊ शकते आणि तिकडे दुर्लक्ष झाल्यास हाडाची वाढ खुंटण्याचा वा ते वाकडे वाढण्याचा संभव राहतो. म्हणून सांध्याजवळच्या हाडावर दुखत असल्यास ‘लचकले असेल’ म्हणून मूल घरी ठेवू नये.

साध्या मुरगळीला पहिले दोन दिवस विश्रांती, फडक्यात गुंडाळलेल्या बर्फाचा किंवा गार पाण्याच्या पट्टीचा पंधरा-वीस मिनिटे शेक, बेताचा पट्टा आणि पाय उशीवर उंच ठेवणे इतके पुरते. बर्फाने वेदना कमी होते, मात्र दुखापत लवकर भरून येते असे नाही. गरम शेक व मालिश या दिवसांत टाळावी. त्यानंतर सोसेल तितकी हालचाल सुरू करावी, कारण फार काळ निजून राहिल्याने सांधा दुबळा होतो.

कबड्डीत चढाई करणाऱ्याचा पाय पकडला गेला आणि धड वळले की गुडघ्याला पीळ बसतो. त्या क्षणी आत ‘कट्’ असा आवाज आला आणि तास-दोन तासांत गुडघा फुगला, तर सांध्यात रक्त साचल्याची व अस्थिबंध तुटल्याची शक्यता मोठी असते. अशा खेळाडूला पट्टा बांधून पुन्हा मैदानात उतरविणे, सामना कितीही चुरशीचा असला तरी, योग्य नव्हे.

डोके, मान, डोळा आणि दात

डोक्याला मार लागल्यावर मूल क्षणभर जरी बेशुद्ध झाले, गोंधळल्यासारखे बोलू लागले किंवा त्याला भोवळ आली, तर त्या दिवशी खेळ बंद. कवटीच्या आत हळूहळू रक्तस्राव होत असता मूल काही तास अगदी ठीक दिसू शकते, ही यातील खरी मेख आहे. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, झटके, बाहुल्या लहानमोठ्या दिसणे, कानानाकातून रक्त वा पाण्यासारखा द्रव येणे, झोपेतून नीट जागे न होणे, यांपैकी काहीही आढळल्यास क्षणाचाही विलंब करू नये. पहिले चोवीस तास मुलाला एकटे सोडू नये.

उन्हाळ्यात विहिरींचे व डोहांचे पाणी उतरलेले असते. फाल्गुनात जेथे सूर मारता येत होता, तेथे वैशाखात तळाचा खडक डोक्याला लागतो आणि मानेचे मणके मोडतात. अशा मुलाला खांद्यावर टाकून नेऊ नये. डोके, मान व धड एका रेषेत ठेवून तीन-चार जणांनी फळीवर एकदम घ्यावे. बुडालेल्या मुलाचा श्वास थांबला असेल तर पोट दाबणे किंवा पायांनी उलटे धरून फिरवणे यात अमोल वेळ जातो. त्याऐवजी तोंडाने श्वास द्यावा आणि छातीवर दाब देण्यास लगेच प्रारंभ करावा.

विटी डोळ्याला लागल्यास डोळा चोळू नये, दाबू नये व त्यात घरगुती औषध घालू नये. कागदी पेला उपडा ठेवून, डोळ्यावर भार न येऊ देता, तो चिकटवावा आणि नेत्रतज्ज्ञाकडे न्यावे. पक्का दात मुळासकट निघाला तर तो वरच्या पांढऱ्या भागाला धरून उचलावा, मूळ घासू नये, आणि तो दुधात ठेवून मुलासह दंतवैद्याकडे न्यावा. अर्ध्या तासात, निदान तासाभरात पोहोचल्यास तो पुन्हा बसविता येतो. दुधाचा दात मात्र परत बसवीत नाहीत.

खरचटल्यावर माती, शेण, चुना वा तंबाखू लावण्याची सवय घातक आहे. धनुर्वाताचे जंतू मातीत व जनावरांच्या शेणातच असतात. जखम वाहत्या पाण्याने व साबणाने धुऊन स्वच्छ कापडाने झाकावी. दहाव्या व सोळाव्या वर्षी द्यावयाची धनुर्वात-घटसर्प प्रतिबंधक लस मुलाला मिळाली आहे की नाही, हे शाळेच्या आरोग्य नोंदीवरून पाहता येईल.

उन्हाचा तडाखा

विदर्भात मे महिन्यात पारा ४५ अंश सेल्सिअसच्या वर जाणे नवलाचे नाही. पोटऱ्यांत गोळे येणे, घाम, मळमळ व थकवा ही उन्हाने दिलेली पहिली सूचना होय. सावली, विश्रांती आणि जलसंजीवनी यांनी मूल सावरते. पुडी नसल्यास एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ विरघळवावे. चमचा चहाचा असावा. परंतु अंग तापून मूल असंबद्ध बोलू लागले, अडखळू लागले वा शुद्ध हरपू लागली, तर तो उष्माघात समजावा. मग घाम येत असला तरी फसू नये. कपडे सैल करून अंगावर भरपूर पाणी ओतावे, वारा घालावा, मान, काखा व जांघांत ओले फडके ठेवावे. अंग गार करण्याचे काम जागेवरच सुरू व्हावे व वाहनातही चालू राहावे. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी घालू नये.

शाळा आणि पंचायत यांचे काम

हे सर्व साधण्यास फार पैसा लागत नाही. सकाळी नऊच्या आत व सायंकाळी पाचनंतर मैदान, दुपारी बैठे खेळ, एवढे वेळापत्रक पाळले तरी उन्हाचे निम्मे संकट टळेल. मैदानावरचे दगड, काचा व खुंट सुटीपूर्वी वेचून काढावेत. पिण्याचे पाणी सावलीत ठेवावे. सुटीत शाळेला कुलूप असते व प्रथमोपचाराची पेटी आत राहते. ती पंचायत कार्यालयात किंवा आशा कार्यकर्तीच्या घरी ठेवावी. विहिरीजवळ दोर व हवा भरलेली ट्यूब असावी. २०१४ पासून राज्यात सुरू असलेल्या रुग्णवाहिका सेवेचा १०८ हा क्रमांक, तसेच क्ष-किरणाची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे मैदानालगतच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुलाच्या बोलण्यावर विश्वास ठेवावा. रागावतील या भीतीने मुले दुखापत लपवितात आणि मोठी माणसे ‘रडतोस काय, ऊठ’ म्हणून ती झाकतात. सोसण्याचे कौतुक आपल्याकडे फार आहे. पण रात्रभर रडणारे मूल काही सांगत असते. ते ऐकून कोणी कंदिलाच्या उजेडात त्याची बोटे पाहिली, बंधन सैल केले आणि पहाटेची वाट न पाहता गाडी बोलावली, तर जून महिन्यात शाळा उघडेल तेव्हा ते मूल त्याच हाताने पाटीवर अक्षरे गिरवीत बसलेले दिसेल.