आधी आपल्या मनाचा दंडघेर

(जव्हार तालुक्यातील वावर येथे अंगणवाडी सेविका, मदतनीस, आशा कार्यकर्त्या आणि मिशनचे स्वयंसेवक यांच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय आहे ताणतणाव. तो वावरमध्ये मांडताना एक गोष्ट आधी सांगायला हवी. 1992 साली हा भाग ठाणे जिल्ह्यात होता, पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला. त्या 1992 साली वावर-वांगणीत कुपोषणाने बालके दगावली आणि गावाचे नाव साऱ्या महाराष्ट्राला कळले. तेव्हापासून कितीतरी योजना आल्या. अमृत आहार आला, अंडी आली, पोषण ट्रॅकर आला. पण योजना मुंबईत निघो की दिल्लीत, शेवटचा मैल तिला एका बाईच्या पायांनीच चालावा लागतो. ती बाई म्हणजे तुम्ही.

त्या बाईकडे वजनकाटा आहे, उंची मोजायचे साधन आहे, दंडघेराची पट्टी आहे, रजिस्टर आहे, फोन आहे. ती सगळ्यांचे मोजते. तिचे स्वतःचे मन कसे आहे, हे मात्र कोणी मोजत नाही. बहुतेक वेळा तीही मोजत नाही. आज आपण तेच मोजायला शिकू.

त्यासाठी नवीन यंत्र लागत नाही. तुमच्या पिशवीतली पट्टीच घेऊ. सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलाचा दंडघेर 12.5 सेंटीमीटर किंवा त्याहून जास्त भरला तर हिरवा, 11.5 ते 12.5 च्या मध्ये आला तर पिवळा आणि 11.5 च्या खाली गेला तर लाल. या पट्टीचा मोठेपणा कशात आहे? मूल नुसत्या डोळ्यांना बरे दिसत असते तेव्हाही ती सांगते, की हे पिवळ्यात आले आहे, आत्ताच लक्ष द्या. पिवळ्यात उपाय सोपा असतो, घरी आणि अंगणवाडीत होतो. लाल झाल्यावर धावपळ करावी लागते.

मनाचेही तसेच आहे. आपण लाल होईपर्यंत थांबतो. ‘मला काय धाड भरलीय’ म्हणत चालत राहतो, आणि एक दिवस कोसळतो.

ताण म्हणजे नेमके काय, ते आधी पाहू. रानात वाटेवर अचानक साप दिसला तर छाती धडधडते, श्वास भरभर होतो, हातपाय ताठरतात. शरीर पळायला किंवा लढायला तयार होते. ही देवाने दिलेली सोय आहे. साप निघून गेला की थोड्या वेळात सगळे पूर्ववत होते. पण साप रोज असेल तर? आज माहिती भरायची शेवटची तारीख, उद्या नेटवर्क नाही, परवा कोणाचे तरी बाळ वजनात घसरले, तेरवा घरी सासूबाई आजारी. शरीर रोज तयार होते, मोकळे मात्र कधीच होत नाही. मग झोप उडते, डोके दुखते, पोट बिघडते, मान आणि खांदे भरून येतात. हे नाटक नव्हे. हा शरीराने दाखवलेला पिवळा रंग आहे.

प्रत्येकीचा पिवळा वेगळा असतो. एकीला राग येतो, दुसरी गप्प होते. तिसरी एकच रजिस्टर चारदा तपासते. चौथीला फोन वाजला तरी छातीत धस्स होते. आपला पिवळा कसा दिसतो हे ओळखणे म्हणजेच आत्मभान. शब्द मोठा आहे, काम एवढेच आहे.

आता कोणी विचारेल, आमच्या मनाचे काय ते आम्ही बघू, पोषणाच्या मेळाव्यात हा विषय कशाला? त्याचे कारण असे, की पाण्यासारखा ताणही उताराने वाहतो. वरून साहेबांचा फोन मुख्यसेविकेला येतो. मुख्यसेविका सेविकेला बोलते. सेविका पाड्यावर जाते आणि तोच आवाज आईवर निघतो, ‘तुला किती वेळा सांगितलं, पोराला वेळेवर खायला घालत जा!’ आई मान खाली घालते. पुढच्या महिन्यात वजनाच्या दिवशी ती येत नाही. बाळाला घेऊन शेतावर निघून जाते, किंवा दार लावून घरातच बसते. मग ते बाळ रजिस्टरमध्ये दिसत नाही, काट्यावर दिसत नाही, आणि आषाढ-श्रावणात घरातले धान्य संपते तेव्हा अशीच न दिसलेली बाळे हातची जातात. उताराच्या अगदी तळाशी सर्वांत लहान जीव उभा आहे. म्हणून तुमच्या मनाची काळजी हा बालआरोग्याचाच विषय आहे.

मग मधे बांध कुठे घालायचा? पहिला बांध आहे नावाचा.

आपल्याकडे ‘टेन्शन’ हा एक शब्द असा आला आहे, की त्याने बाकीचे सगळे शब्द गिळून टाकले. राग आला तरी टेन्शन, भीती वाटली तरी टेन्शन, दुःख झाले तरी टेन्शन. ताप, खोकला, जुलाब या सगळ्यांना नुसते ‘आजारी’ म्हटले तर औषध कोणते देणार? भावनांचेही तसेच आहे. भीती असेल तर माहिती लागते. दुःख असेल तर सोबत लागते. राग असेल तर कुठे अन्याय झाला ते पाहावे लागते. लाज वाटत असेल तर माया लागते. थकवा असेल तर फक्त विसावा लागतो. नाव बरोबर सापडले की निम्मा उपाय सापडला.

पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी 1990 साली या क्षमतेला भावनिक बुद्धिमत्ता म्हटले. 1995 मध्ये डॅनियल गोलमन यांच्या पुस्तकामुळे हा शब्द जगभर पोहोचला. आपली आणि दुसऱ्याची भावना ओळखणे, आणि ती ओळखून वागणे, एवढाच त्याचा अर्थ. त्याला पदवी लागत नाही. पाड्यावरच्या कितीतरी आज्यांकडे ही बुद्धी असते.

आणि शब्दच सापडले नाहीत तर? आपल्याच जिल्ह्यातले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे लहानपणी आई गेल्यावर बोलेनासे झाले. मनातले ते मातीत, धुळीत रेघा ओढून सांगत. पुढे त्याच हाताने वारली कला जगापुढे नेली आणि 2011 साली त्यांना पद्मश्री मिळाली. प्रत्येक दुःखातून कलावंत घडतो असे मी म्हणत नाही. मनातले बाहेर यायला वाट लागते, आणि ती वाट बोलण्याचीच असली पाहिजे असे नाही, एवढेच सांगायचे आहे. कोणी गाणे म्हणते, कोणी भिंत सारवते, कोणी वहीत चार ओळी लिहिते. आपली वाट कोणती, हे प्रत्येकीने शोधावे.

दुसरा बांध आहे अर्थाचा. समजा, एका बाळाचा दंडघेर लाल आला. तुम्ही आईला सांगितले, दवाखान्यात भरती करावे लागेल. ती म्हणाली, “मी नाय नेणार.” त्या क्षणी तुमच्या मनात काय येते? ‘हिला पोराची काळजीच नाही. काही झालं तर माझ्याच अंगावर येणार.’ हा विचार आला की राग चढतो, आवाज चढतो. पण तिचे बोलणे आणि तुमचा राग यांच्या मधे तुम्ही लावलेला अर्थ आहे. अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञांनी हेच सूत्र मांडले आणि डॉ. कि. मो. फडके यांनी ते ‘विवेकनिष्ठ मानसोपचार’ म्हणून मराठी वाचकांपर्यंत आणले. घटना तीच राहते. अर्थ बदलला की भावना बदलते.

तेव्हा अर्थ लावण्याआधी विचारा. “बाई, तुला कशाची भीती वाटते?” मग कळते, घरी आणखी दोन लेकरे आहेत. नवरा वीटभट्टीवर भिवंडीकडे गेला आहे. मजुरी बुडेल. सासू म्हणते आधी भगताला दाखवू. यातल्या प्रत्येक अडचणीवर काही ना काही करता येते. बुडीत मजुरीची माहिती देता येते, शेजारणीला लेकरे सांभाळायला सांगता येते, सासूशी आणि भगताशीही आदराने बोलता येते. ‘हिला काळजीच नाही’ या अर्थावर मात्र काहीच करता येत नाही.

याचा मोठा धडा आपल्याच भागात घडला आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला काम सुरू केले आणि 1957 मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नव्हती. ‘यांना शिकायचेच नाही’ असे म्हणून रागावता आले असते. त्यांनी कारण पाहिले. मुले गुरे राखायला जात होती. म्हणून शाळाच कुरणावर गेली आणि कुरणशाळा झाली. लहान मुलांसाठी बालवाडी अंगणात गेली आणि अंगणवाडी झाली. आज तुमच्या केंद्राच्या पाटीवर जो शब्द आहे, त्याच्या मुळाशी हेच समजून घेणे आहे.

आता रोज करायच्या चार गोष्टी सांगतो.

एक. सकाळी घरातून निघताना आणि संध्याकाळी चूल पेटवताना स्वतःला विचारा, आज माझा रंग कोणता? हिरवा, पिवळा की लाल? पिवळा असेल तर का, ते एका शब्दात सांगा.

दोन. कोणाच्याही उंबऱ्यात पाऊल ठेवण्यापूर्वी तीन श्वास घ्या. आत घ्यायला जेवढा वेळ लागतो, त्याहून सावकाश बाहेर सोडा. लांब उच्छ्वासाने धडधड उतरते. रस्त्यावरचा राग उंबऱ्याबाहेरच राहू द्या.

तीन. काय माझ्या हातात आहे आणि काय नाही, याची वाटणी करा. पाऊस, नेटवर्क, दिवाळीनंतरचे स्थलांतर हे तुमच्या हातात नाही. ठरल्या दिवशी गृहभेट, वेळेवर कळवणे, गोड शब्द हे तुमच्या हातात आहे. एखादे बाळ गेले की सेविका महिनोन्‌महिने स्वतःला दोष देत राहते. त्या दुःखाला जागा द्या, रडू द्या. पण साऱ्या डोंगराचा भार आपल्या एकटीच्या डोक्यावर घेऊ नका.

चार. महिन्याच्या बैठकीनंतर अर्धा तास रजिस्टर मिटून गोल बसा. एकीने बोलावे, बाकीच्यांनी ऐकावे. सल्ला नको, हसणे नको, आणि तिथली गोष्ट बाहेर नको. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी आशाताई 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जाते. मग आपल्याच मैत्रिणीच्या मनाला महिन्यातून एक भेट द्यायला काय हरकत आहे?

हे एवढ्यासाठी, की लाल झालेले मन मदत मागत नाही. तीव्र कुपोषित बाळाची भूक अनेकदा मेलेली असते, ते खायला मागत नाही, म्हणून ते शांत आहे असे वाटते. खचलेली बाईही तशीच शांत दिसते. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप नाही, जेवण जात नाही, कशात मन लागत नाही, जगणे नकोसे वाटते, असे दिसले तर वाट पाहू नका. तिला एकटे सोडू नका, डॉक्टरांकडे न्या. ‘टेलिमानस’ ही सरकारी मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालतो. सगळ्यांनी आत्ताच फोनमध्ये जतन करा. मनाचा आजार हा वेडेपणा नाही, बाहेरची बाधाही नाही. कोणाला देवाला नारळ ठेवायचा असेल तर ठेवू द्या, पण डॉक्टर चुकवू नका.

शेवटी एक स्पष्ट बोलतो. श्वास लांब सोडल्याने थकलेले मानधन मिळत नाही, की पाड्यावर नेटवर्क येत नाही. ताणाची काही कारणे मनात नसतात, व्यवस्थेत असतात. ती बदलायला एकत्र येऊन मागणी करावी लागते. आत्मभान म्हणजे मुकाट सोसणे नव्हे. उलट, जिला आपला राग ओळखता येतो, तिला तो शांतपणे आणि ठामपणे योग्य ठिकाणी मांडता येतो, आणि मग तो चुकून बाळाच्या आईवर निघत नाही.

म्हणून इथे बसलेल्या मुख्यसेविका आणि आपल्या मिशनच्या पदाधिकाऱ्यांनाही माझी विनंती आहे. उताराची सुरुवात आपल्यापाशी होते. आकडा कमी आला म्हणून फोन कराल, तेव्हा पहिला प्रश्न ‘का झालं नाही?’ असा न करता ‘काय अडचण आली?’ असा करा. शब्द जवळजवळ तेच आहेत. पण पाड्यावरच्या त्या उंबऱ्यापर्यंत पोहोचेस्तोवर त्यांच्यातला फरक फार मोठा झालेला असतो.

 जेवणानंतर पहिली गोल बैठक इथेच घेऊ. रजिस्टर पिशवीतच राहू द्या.