आखणीही शिकवावी लागते

बक्षिसांआधी पाहुण्याने फार वेळ घेऊ नये ही अपेक्षा रास्त आहे, म्हणून एकच मुद्दा मांडतो. बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा अभ्यास विस्कटला की आपण त्याला आळशी, धांदरट म्हणून मोकळे होतो. पण अभ्यासाची आखणी हा स्वभाव नाही, ते कौशल्य आहे, आणि ज्या वयात ते लागतं त्याच वयात आपण ते शिकवत नाही. इथे आयर्लंडमध्ये प्रायमरी शाळेत सिक्स्थ क्लासपर्यंत वर्ग एक आणि बहुतेक विषयांना शिक्षकही एकच. सुट्टी संपते, सेकंडरी शाळेचं फर्स्ट इयर सुरू होतं आणि तेच मूल दहाबारा विषय, तितकेच शिक्षक आणि लॉकरची किल्ली सांभाळू लागतं. त्याच्या सगळ्या गृहपाठांचा एकत्र हिशेब ठेवणारं मोठं माणूस आता वर्गात नसतं. ईएसआरआय या इथल्या संशोधन संस्थेने 2002 पासून 12 शाळांतल्या मुलांचा अनेक वर्षं माग घेतला, तेव्हा सेकंड इयरमध्ये बरीच मुलं अभ्यासापासून दुरावताना दिसली. त्याला कारणं अनेक आहेत, सगळं खापर आखणीवर फोडता येणार नाही. पण 2014 पासून टप्प्याटप्प्याने आलेल्या नव्या ज्युनियर सायकलमध्ये, म्हणजे सेकंडरीच्या पहिल्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात, विज्ञानाचा एक शोधप्रकल्प तीन आठवडे चालतो. तो आदल्या रात्री जागून उरकत नाही.

कोणी म्हणेल, भारतात आम्हाला कुठे कोणी आखणी शिकवली होती? शिकवली नाही, कारण ती आयती मिळत होती. वर्गशिक्षक वह्या तपासत, चाचणी, सहामाही, वार्षिक हा क्रम ठरलेला असे आणि शेजारच्या मुलाचीही तीच परीक्षा असे. शिवाय त्या व्यवस्थेत जे मागे पडले, ते आज या सभागृहात ‘आमच्या वेळी’ सांगायला बसलेले नाहीत. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: मुलांच्या बालपणाचं ऑफिस करायचं का? मुळीच नाही. मात्र डब्लिनमधल्या सँडीफोर्डच्या कंपन्यांत मोठ्यांना कामाच्या नियोजनाचं रीतसर प्रशिक्षण मिळतं, आणि घरी आल्यावर तीच माणसं मुलाला ‘एवढंही जमत नाही?’ असं विचारतात, हे जरा गमतीचंच. आणि चांगली आखणी वेळ खात नाही, वाचवते, कारण अभ्यास कसा करायचा हेही तिच्यातच ठरतं. 2006 मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून तीनदा न बघता आठवून लिहिला. आठवड्याने वाचणाऱ्यांना सुमारे 40 टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना 61. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणारेच पुढे होते. मुलं फसतात ती इथेच: वाचून लगेच सगळं येतंय असं वाटतं, म्हणून ती पुस्तक मिटतात.

मग पालकांनी रोज दप्तर भरून द्यावं का? तसं केलं तर आखणी पालकांचीच सुधारेल. पहिल्या सत्रात रविवारी शेजारी बसावं, जर्नलमधल्या, म्हणजे गृहपाठ टिपायच्या वहीतल्या, तारखा मुलाला वाचायला लावाव्यात, मोठं काम कुठल्या दिवशी किती करायचं हे त्यालाच ठरवू द्यावं, आणि नाताळनंतर आठवड्याआड बसावं. एखादी तारीख चुकेल. ती फर्स्ट इयरमध्ये चुकलेली परवडते, लीव्हिंग सर्ट या शाळेच्या शेवटच्या परीक्षेच्या वर्षी नाही. शिक्षकांना एकच विनंती: घंटा वाजताना घाईने गृहपाठ सांगू नका, तो लिहून घ्यायला दोन मिनिटं आधी थांबा.